सातव्या मेणबत्तीची राखण

एप्रिल लागला की आमच्या अकोल्यात मेणबत्त्या वाकतात. खोटं वाटत असेल तर येऊन बघा. कपाटात उभी ठेवलेली मेणबत्ती दुपारपर्यंत मान टाकते, आणि हातात घेतली तर तिच्यावर बोटांचे ठसे उमटतात. म्हणून सुशीला त्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या तिवईखाली ठेवायची. सुशीला माझी बायको. ती गेली त्याला या शनिवारी चार वर्षं झाली. तारखेनं नाही, वारानं. तिचा दिवस मला तारखेनं धरताच येत नाही, कारण ती उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आणि पुनरुत्थानाचा रविवार यांच्या मधल्या शनिवारी गेली, आणि तो शनिवार दर वर्षी मागेपुढे सरकतो. कॅलेंडरात शोधायला मी जात नाही. माठाखालच्या फडक्याची आठवण झाली की समजायचं, आला.

काल शुक्रवारी मी शिडीवर चढलो. आमच्या चर्चच्या अकराही खिडक्यांना काळी घोंगडी लावायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. पंचांपैकी एक जण खालून म्हणाला, भाऊ, आता वय झालं, उतरा, पोरं करतील. मी म्हणालो, "पोलवर जन्म गेला माहा. तुमी मले शिडी शिकवता का?" त्यानं खालून शिडी धरली. नंतर मला वाईट वाटलं. माझ्या तोंडाचं हे असंच आहे, आधी सुटतं आणि मग वाईट वाटतं. मी विजेच्या खात्यात लाईनमन होतो. अमरावती, अंजनगाव सुर्जी, मग अकोला. निवृत्त झालो तरी गावात कुठं लाईट गेली की माझी मान आपोआप वर, तारांकडे जाते.

घोंगडी कशाला, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. प्रभूला वधस्तंभावर दिलं तेव्हा भर दुपारी बारापासून तीनपर्यंत सगळ्या देशावर अंधार पडला, असं शास्त्र सांगतं. आमच्याकडे बारा ते तीन म्हणजे ऊन असं, की डांबर चपलेला चिकटावं. त्या उन्हात अंधार आणायचा म्हणजे खिडक्या झाकणं आलंच. आत सात मेणबत्त्या लावतात. वधस्तंभावर प्रभू सात वेळा बोलला. एकेका बोलण्यावर पाळकसाहेबांचा संदेश, म्हणजे प्रवचन, होतो, आणि तो झाला की एक मेणबत्ती विझवतात. पंखे बंद, कारण वाऱ्यानं मेणबत्त्या आधीच विझतील. तीन तास आम्ही घामानं निथळत, एकमेकांचे श्वास ऐकत बसतो. म्हाताऱ्या बाया डोक्यावर ओले टॉवेल घेतात. दर वर्षी एखाद्याला चक्कर येते आणि दर वर्षी पुढच्या खेपेला वेळ कमी करू असं ठरतं.

सहा मेणबत्त्या विझतात. सातवी मात्र विझवत नाहीत. ती जळतीच मंडळीतल्या एका घरी जाते, आणि रविवारी पहाटे परत येईपर्यंत त्या घरानं ती राखायची असते. एक संपत आली की तिच्यावरूनच दुसरी लावायची. काडी ओढायची नाही. रविवारी पहाटे, उजाडायच्या आधी, अंधाऱ्या चर्चच्या दारात पाळकसाहेब उभे असतात आणि विचारतात, ज्योत राखली का? राखणारानं म्हणायचं, राखली. मग त्या एका ज्योतीवरून सगळे आपापल्या मेणबत्त्या लावून घेतात. ही रीत कोणी आणली कोणास ठाऊक. दुसऱ्या गावच्या मंडळीत मी ती पाहिली नाही. पण आमच्याकडे बावीस वर्षं ती ज्योत सुशीलानं राखली.

सगळ्यात अवघड असायचं ते चर्चपासून घरापर्यंतचं अंतर. तुम्हाला वाटेल वाऱ्यामुळं. वाऱ्याचं काय, पदर आडवा धरता येतो. अवघड ते ऊन. दुपारी तीनच्या उन्हात मेणबत्तीची ज्योत दिसतच नाही. वात दिसते, मेण दिसतं, पण ज्योत आहे की गेली ते डोळ्यांना कळत नाही. सुशीला दर दहा पावलांवर थांबून ज्योतीच्या जागी वरून तळहात धरायची. चटका बसला की "आहे" म्हणायची आणि चालू लागायची. मी शेजारी छत्री घेऊन, कुरकुरत. रविवारी तिच्या उजव्या तळहाताला मध्यभागी लाल डाग असायचा. मी चिडवायचो, की तुझा देव उजेडाचा म्हणतेस, आणि त्याचा उजेड हात पोळल्याशिवाय कळत नाही, हे कसलं? ती म्हणायची, उन्हात चालणाऱ्याले असंच कळते.

माझा विश्वास तिच्याएवढा कधीच नव्हता. मी रविवारी चर्चला जायचो, कमाईचा दशांश द्यायचो, घोंगडी लावायचो, बस. उजेड आणि अंधार हा माझ्यासाठी धंद्याचा विषय होता. अंजनगावला असताना पावसाळ्यात रात्र रात्र लाईट जायची. मी पोलवर चढून तार जोडली की खाली गावभर एकच आवाज उठायचा, "आली!" तो आवाज वरून ऐकण्यासारखं सुख नाही. त्या जोरावर मी सुशीलाशी वाद घालायचो. म्हणायचो, अंधार ही काही वस्तूच नाही. करंट नाही म्हणजे अंधार. फ्यूज टाकला की खलास. तुमचे पाळकसाहेब त्याचा एवढा बाऊ करतात कशाला?

एकदा ती कणीक मळत होती. तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "तुमचा अंधार बटणाचा हाये. मी म्हणून राहिली तो येगळा. ते तीन घंटे अंधार पडला तवा देव काही पळून नाही गेला. तो त्या अंधारातच बसून होता, लेकराजवळ. उजेडात काय, कोणीबी जवळ बसते."

मी तेव्हा हसलो होतो. पोळ्या टाक लवकर, म्हणालो होतो.

ती गेली त्या वर्षी उपासकाळ सुरू झाला तेव्हाच तिची फुफ्फुसं थकली होती. दर वर्षी त्या चाळीस दिवसांत ती चहा सोडायची, आणि चहाशिवाय तिचं डोकं दुखायचं, आणि ते दुखणं ती देवाला द्यायची. त्या वर्षी डॉक्टरनं इतकं काही बंद केलं होतं की देवासाठी सोडायला तिच्यापाशी काही उरलंच नव्हतं. मीच तिला चहाचे दोन घोट घे म्हणून विनवायचो. मार्चअखेरीस ऑक्सिजनचं मशीन घरी आलं. कॉटच्या उशाशी ते दिवसभर घुरघुरायचं, आणि त्याची नळी तिच्या नाकाला. लाईट गेली तर म्हणून एक सिलिंडर मागच्या खोलीत उभा. मशीन बसवायला आलेल्या माणसानं तीनतीनदा बजावलं, या खोलीत अगरबत्ती नाही, काडी नाही, ज्योत तर अजिबात नाही. ऑक्सिजनजवळ आग म्हणजे खेळ नव्हे. सुशीला त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मला कळलं तिला काय आठवलं ते.

पाळकसाहेब येऊन म्हणाले, बाई, यंदा सातवी मेणबत्ती दुसऱ्या घरी देऊ. तिनं नळी जरा बाजूला केली आणि म्हणाली, "माह्याच घरी येईल ती. हे राखतील." आणि माझ्याकडे बोट केलं. बावीस वर्षांत तिनं मला त्या मेणबत्तीला हात लावू दिला नव्हता. मला भीती वाटली, आणि खरं सांगतो, थोडी ऐटही वाटली.

शुक्रवारी मी ती आणली. दर दहा पावलांवर थांबलो, तळहात धरला, चटका घेतला. छत्री धरायला कोणी नव्हतं. ज्योत तिच्या खोलीत नेता येत नव्हती, म्हणून ओसरीत ठेवली, कंदिलाच्या काचेत, भिंतीच्या कोपऱ्यात. मधे दोन दारं. तिला कॉटवरून ती दिसत नव्हती. थोड्या थोड्या वेळानं ती विचारायची, आहे ना? मी ओसरीत जाऊन बघायचो आणि येऊन सांगायचो, आहे. शुक्रवार गेला, रात्र गेली. मी दोन मेणबत्त्या बदलल्या, एकीवरून दुसरी. शनिवारी सकाळी ती म्हणाली, माह्यापाशी बसा ना जरा. मी म्हणालो, आलोच, ज्योत पाहून येतो. असं "आलोच" मी त्या सकाळी किती वेळा म्हणालो ते मला आता आठवतं.

दुपारी वावटळ सुटली. कोपऱ्यावरच्या निंबाची फांदी तारेवर पडली आणि लाईट गेली. मशीनची घुरघुर थांबली तेव्हा घर इतकं शांत झालं की तिचा श्वास मला दुसऱ्या खोलीत ऐकू आला. मी धावलो. मागचं दार उघडलं तरच सिलिंडर फिरवून बाहेर काढता येत होता, म्हणून ते सताड उघडलं. लोटत लोटत तो आणला, नळी लावली, चावी फिरवली. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. मग मला पाठीवर गरम वारा लागला. मागच्या दारातून आलेला वारा सरळ ओसरीत गेला होता.

मी गेलो तेव्हा काचेच्या तोंडातून धुराची बारीक दोरी वर जात होती. वात काळी. मी तळहात धरला, का धरला माहीत नाही, सगळं दिसत होतं तरी धरला. चटका बसला नाही. मी स्वयंपाकघरातून काडीपेटी आणली, ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून काडी ओढली आणि मेणबत्ती पेटवली. कोणी बघत नव्हतं. मग आत गेलो, आणि तिच्या नाकाची नळी सरकली होती ती नीट करायला वाकलो.

"आहे ना?" तिनं विचारलं.

"हो. आहे."

तिनं डोळे मिटूनच सांगितलं, "तुमच्या बोटाले काडीपेटीचा वास येऊन राहिला."

त्यात राग नव्हता. अजिबात नव्हता. मी चार वर्षं तो आवाज आठवून आठवून पाहिला आहे. कदाचित त्यात हसू होतं. पण मी चोर सापडल्यासारखा झालो, आणि माझं तोंड सुटलं. "मग काय करू? तुले पाहू का त्या मेणबत्तीले पाहू? आता जाऊन बसतो तिच्यापाशीच. हलतच नाही तिथून. झालं समाधान?"

 तिनं कॉटच्या कडेवर हात ठेवला आणि तळहातानं दोनदा थोपटलं. लेकराला जवळ बसवताना थोपटतात तसं. मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पाहिलं, आणि बाहेर गेलो.

ओसरीत बसायचा वेताचा मोडा ओढून मी त्या मेणबत्तीसमोर बसलो. काडीनं पेटवलेल्या, खोट्या ज्योतीची राखण करत. पाच मिनिटांत राग उतरेल, मग आत जाऊ, असं मनात होतं. राग उतरला, आणि त्याच्या जागी लाज आली, आणि लाजेनं तर माणूस अजिबातच उठत नाही. ज्योत सरळ उभी होती. वावटळ कधीच थांबली होती. मी तिच्याकडे बघत मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो, की आत गेल्यावर काय म्हणायचं. सुशीला, विझली होती. माझ्यानं राखणं झालं नाही. इतकंच म्हणायचं होतं. दिवेलागण होत आली तरी मी ते जुळवतच होतो.

मग लाईट आली. सगळ्या मोहल्ल्यातून आवाज उठला, "आली!" आत मशीन आपोआप घुरघुरायला लागलं. नळी सिलिंडरवरून काढून मशीनला लावायला हवी म्हणून मी उठून आत गेलो. बल्ब लख्ख पेटला होता. ती गेली होती. कधी गेली ते मला माहीत नाही, मी तिथं नव्हतो. तिचा हात कॉटच्या कडेवर तसाच होता.

आमची एकुलती एक मुलगी एस्तेर अमरावतीला असते. सकाळी मीच तिला फोन करून बोलावलं होतं. ती बसमधून उतरून धावत आली तोवर शेजारच्या बायांनी सुशीलाला नीट निजवलं होतं. एस्तेर आईच्या पायांशी बसली, खूप रडली, आणि मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "पप्पा, आई गेली तेव्हा तुम्ही जवळ होते ना?"

मी म्हणालो, "हो."

दफन रविवारी दुपारी ठरलं. पहाटे एस्तेरच म्हणाली की मेणबत्ती तुम्ही घेऊन जा, आईला आवडलं असतं. मी गेलो. अंधारात ज्योत छान दिसते, तळहात धरावा लागत नाही. दारात पाळकसाहेबांनी माझा खांदा धरला, त्यांचे डोळे भरले होते, आणि रीतीप्रमाणे विचारलं, ज्योत राखली का? मी म्हणालो, राखली. सगळ्या मंडळीनं त्या ज्योतीवरून मेणबत्त्या लावल्या. एकेक चेहरा उजळत गेला, मागच्या बाकापर्यंत. मी तिथं उभा होतो आणि मला तो शिष्य आठवला, ज्यानं प्रभूला ओळखत नाही म्हणून एका रात्रीत तीनदा सांगितलं. माझंही तीनदा झालं होतं. सुशीलाला हो, लेकीला हो, मंडळीला राखली. लोकांना त्याचं नाकारणं लक्षात राहतं आणि तिसऱ्या नाकारण्याला आरवलेला कोंबडा लक्षात राहतो. माझ्या मनात दुसरीच गोष्ट रुतून बसली. तो त्या वेळी अंगणात विस्तवापाशी बसला होता. त्याचा माणूस आत होता, पकडलेला, एकटा, आणि हा बाहेर उजेडापाशी ऊब घेत होता.

मग तीन वर्षं मी सातवी मेणबत्ती घरी आणली नाही. घोंगडी लावायचो आणि निघून यायचो. पंचांनी विचारलं तर खेकसायचो. त्यांना वाटायचं, सुशीलाच्या दुःखानं. यंदा मीच मागितली. त्याआधी पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, भाऊ, काडीनं लावली तरी उजेड तर पडला ना. भला माणूस आहे. पण मला काडीचं दुखत नव्हतंच. काडी तर सुशीलानं कधीच माफ केली होती, वासावरून ओळखून. मी त्यांना म्हणालो, यंदा विझली तर दारात मी विझली म्हणून सांगणार. ते म्हणाले, सांगा.

काल संध्याकाळी एस्तेर आली. दर वर्षी या शनिवारसाठी येते. मी तिला ओसरीत बसवून सांगितलं, की आई गेली तेव्हा मी जवळ नव्हतो. इथं बसलो होतो, या मोड्यावर. तिनं बोलावलं होतं, हातानं, आणि मी गेलो नाही. एस्तेर उठली. मग चहा ठेवते म्हणून आत गेली. खूप वेळ आतून भांड्याचा आवाज आला नाही. चहा काही आला नाही. रात्री आम्ही दोघं न बोलता जेवलो.

आज शनिवार. दिवसभर ज्योत ओसरीत, त्याच काचेत, त्याच कोपऱ्यात आहे. दुपारी मी मेणबत्ती बदलली, जुनीवरून नवी. त्यानंतर गेलो नाही. सुशीलाच्या खोलीत येऊन कॉटच्या कडेवर बसलो आहे आणि हे लिहितो आहे. मशीन कधीच परत गेलं. गादीवर धुतलेली चादर आहे. दिवस कलला, खोलीत अंधार भरत चालला, बल्ब मी लावलेला नाही. अक्षर दिसेनासं होईल तेव्हा थांबेन. मला कळत नाही देव या अंधारात बसला आहे की नाही. सुशीला म्हणायची बसलेला असतो. मी एवढंच करू शकतो, की मी बसतो. चार वर्षं उशिरा, रिकाम्या कॉटपाशी, पण बसतो. सुशीला, आलो गं.

आत्ता एस्तेर दारात आली होती. कालपासून पहिल्यांदाच बोलली. म्हणाली, "पप्पा, वारा सुटला आहे. ओसरीत मेणबत्तीपाशी कोणीच नाही."

मी म्हणालो, "असू दे."

ती दारात उभी राहिली. मी उठलो नाही.